पिंपळनेरहून आलेली पाच वाक्यं

फैजपूरहून पिंपळनेरला आता गाडीने पाच तास पुरतात. सकाळी लवकर निघा आणि जेवायला धुळ्यात थांबा. छप्पन साली मला मात्र दोन दिवस लागले होते.

मी तेव्हा मॅट्रिकला होतो. इंग्रजीचे मास्तर रोज एक वाक्प्रचार देऊन त्यावर पाच वाक्यं लिहायला लावत. लग्न होऊन पिंपळनेरला गेल्यामुळे अक्काची शाळा अर्ध्यावर सुटली होती, म्हणून मी तिलाही तो वाक्प्रचार कार्डावर कळवायचो. तिची वाक्यं टपालाने यायची, मास्तर तपासायचे. 'लुकिंग फॉरवर्ड टू', म्हणजे आतुरतेने वाट पाहणं, याची तिची पाचही वाक्यं बरोबर आली. मास्तरांनी खाली 'उत्तम' लिहिलं. ते कार्ड तिला दाखवायला मी मोठ्या ऐटीत निघालो.

वडिलांनी, म्हणजे आबांनी, केळीच्या दोन फण्या बांधून दिल्या. जळगावहून एसटी एरंडोल, पारोळा करत धुळ्याला पोचली तेव्हा माझ्या भुवयासुद्धा धुळीने पांढऱ्या झाल्या होत्या. ओळखीच्यांकडे नाकातून पाणी काढणारी शेवभाजी खाऊन मुक्काम केला. दुसऱ्या दिवशी साक्रीपुढे डोंगर दिसू लागले आणि मला चक्क घरची आठवण आली. अक्का तर दीड वर्षात एकदाही माहेरी आली नव्हती. पण तिच्या मराठी पत्रांत कायम 'सर्व खुशाल' असायचं.

"घरना बठ्ठा बरा शेतस ना?" अक्काच्या सासूबाईंनी दारातच अहिराणीत घरच्या सगळ्यांची खुशाली विचारली आणि काळ्या पडलेल्या फण्या बघून हसल्या.

चुलीपाशी मी अक्काला कार्ड दिलं. "मास्तर म्हणाले, एकही चूक नाही."

"आणि तू वाचलंस, भाऊ?"

"वाचलं की. पाचही बरोबर आहेत."

ती भाकरी थापत राहिली. "माझी मराठी पत्रं टपालात पडायच्या आधी इथे सगळ्यांना वाचून दाखवतात," ती हळूच म्हणाली. "इंग्रजी कोणाला येत नाही." कार्ड तिने माझ्याच खिशात परत घातलं.

परतीच्या एसटीत मी ते खऱ्या अर्थाने वाचलं. अक्का आबांच्या येण्याची वाट पाहत होती. दिवाळीला माहेरी जायची, आईच्या हाकेची, केळीच्या बागेतल्या ओल्या मातीची वाट पाहत होती. पाचव्या वाक्यात ती रोज दुपारच्या एसटीची वाट पाहत होती. मला स्वतःची लाज वाटली. आजही कुणाच्या ई-मेलच्या शेवटी ते इंग्रजी शब्द आले की मला तो धुळीचा रस्ता आठवतो.

घरी पोचल्यावर आबांना एकेक वाक्य मराठीत सांगितलं.

"कार्ड कधी आलं होतं?" त्यांनी विचारलं.

"महिना झाला."

"मग तेव्हाच का नाही सांगितलंस?"

"त्यात चूक नव्हती, आबा."

आबांनी खुंटीवरची टोपी काढली आणि जळगावची एसटी किती वाजता आहे ते विचारलं.