पाठ दुखत नव्हती त्या दिवशी

डॉक्टर ओटीवर खुर्ची टाकून बसला होता. मी खाली अंगणात उभी, भर उन्हात. महाडच्या पेठेतला त्याचा दवाखाना. वरच्या जातीचे आजारी ओटीवरच्या बाकावर बसायचे. आम्ही महार, आम्ही अंगणाच्या कडेला.

"काय होतंय?"

"पाठ दुखते जी. वरीस झालं."

"कुठे?"

मी पाठमोरी झाले आणि हात मागे नेऊन जागा दाखवली. कंबरेच्या जरा वर, उजव्या अंगाला, मुठीएवढी जागा. तिथं हात लावल्याशिवाय कुणाला काय कळणार? पण तो जागचा हलला नाही. मला हात लावला तर त्याला विटाळ. त्यानं कंपाउंडरला काहीतरी सांगितलं. कंपाउंडरनं आतून औषधाची पुडी आणली आणि ओटीवरून माझ्याकडे फेकली. पुडी धुळीत पडली. मी वाकले आणि उचलली.

"बघा, वाकली!" डॉक्टर बाकावरच्या लोकांना म्हणाला. "पाठीचं दुखणं असलेली बाई अशी वाकते होय? हिला काही झालेलं नाही. कामाचा कंटाळा, दुसरं काय?"

बाकावरचे हसले.

वाकताना पाठीतून काय गेलं ते माझं मला ठाऊक. पण आम्हाला लहानपणापासून फेकलेलं उचलायची सवय. मोडलेल्या पाठीनंसुद्धा हात खाली जातो.

"खरं आहे ना गं?" त्यानं मला विचारलं.

"जी," मी म्हणाले.

हसणाऱ्यांचा राग पुढे कधीतरी निवला. त्या 'जी'ची लाज अजून निवलेली नाही.

मी त्याच्याकडे गेले होते ते खोताच्या सांगण्यावरून. आमची वाडी पोलादपूरच्या वरच्या डोंगरात. गाव खोताचं, रान खोताचं, आम्ही कसत होतो तो नाचणीचा उतारही खोताचाच. त्याबदल्यात दर घरातून एक माणूस वेठीला जायचं. पावसाळा सरला की खोताच्या रानातली लाकडं तुटायची. त्या मोळ्या डोक्यावरून खाली पोलादपूरला न्यायच्या. तिथून गाड्या भरून दासगावच्या बंदराला जायच्या. आमच्या घरातले दोघे पुरुष मुंबईला, माझा नवरा आणि धाकटा दीर. मागे म्हातारी सासू आणि आम्ही दोघी जावा. मी थोरली आणि भागी धाकटी. दोन चुली, म्हणून वेठीच्या दोन पाळ्या.

दुखणं कशानं सुरू झालं हे मला आजही सांगता येत नाही. पडले नव्हते, कुणी मारलं नव्हतं. लावणीच्या चिखलातून एक दिवस ताठ व्हायला गेले आणि होता येईना. मग ते यायचं आणि जायचं. आलं की चार चार दिवस पायली उचलवत नसे. गेलं की असं जायचं, जसं कधी नव्हतंच. सासूनं तापलेल्या विटेनं शेकलं. वाडीतल्या एका म्हाताऱ्यानं विळ्याचं टोक लाल करून डाग दिले, पाच. भगतानं कोंबडं घेतलं आणि सांगितलं, माहेरची बाधा हाय. प्रत्येकाकडे उत्तर होतं. 'मला कळत नाय' असं एकानंही म्हटलं नाही. तसं म्हणाला असता कुणी, तर मी त्याचे पाय धरले असते.

खोत म्हणाला, "दुखतंय तर डॉक्टरची चिठ्ठी आण. चिठ्ठी आणलीस तर सूट."

डॉक्टरनं चिठ्ठी दिली. मला वाचता येत नव्हतं. पदराच्या गाठीला बांधून मी ती महाडहून चालत आणली, घामानं भिजू नये म्हणून जपली आणि खोताच्या अंगणात नेऊन ठेवली. खोतानं मोठ्यानं वाचली.

"बाईस नीट वाकता येते, कामास लायक आहे. दुखण्याचे सोंग करते."

माझ्याविरुद्धची साक्ष मीच सांभाळून आणली होती.

त्या दिवसापासून खोताचा कारभारी माझ्यावर नजर ठेवू लागला. झऱ्यावरून हंडा आणताना दिसले, की जाऊन सांगायचा. हसताना दिसले, तरी सांगायचा. "काल तर बरी चालत होती." वाडीतल्या बायकाही बोलायला लागल्या. पाठीवर जखम नाही, सूज नाही, ताप नाही. दाखवायचं काय? हळूहळू मी एक गोष्ट शिकले. दुखत असेल त्या दिवशी पडून राहायचं. आणि दुखत नसेल त्या दिवशीही पडून राहायचं. कारण एका चांगल्या दिवशी उठले, तर मागचे सगळे वाईट दिवस खोटे ठरणार. मला चांगल्या दिवसाची भीती वाटायला लागली. सकाळी जाग आली आणि पाठ हलकी लागली, की आधी बाहेर कारभाऱ्याची चाहूल घ्यायचे.

माझी पाळी भागी भरायची. स्वतःची एक आणि माझी एक. "तू पड गो बाय, मी जाते," एवढंच म्हणायची. तिला पाचवा महिना लागला होता.

आता सांगते ते मी बरीच वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं. होळी होऊन गेली होती. माझी पाळी होती. सकाळी उठले तर पाठ मोकळी. इतकी मोकळी, की आळस देताना बरं वाटलं. झुंजूमुंजू होतं, वाटेवर कुणी नव्हतं, म्हणून पटकन जाऊन हंडा भरून आणला. उजाडल्यावर कारभाऱ्याची हाक आली आणि मी पांघरूण ओढून घेतलं. भागीनं आत डोकावून बघितलं. मी डोळे मिटले.

"जाते गो बाय," ती म्हणाली.

मी कण्हले. खरंच सांगते. मी कण्हले.

उतारावर सुका पाला पडलेला. मोळीसकट तिचा पाय गेला. बायकांनी लुगड्याच्या झोळीत घालून तिला परत आणली. दिवस मावळायच्या आत सगळं संपलं होतं. मुलगा होता. मी माझ्या हातानं त्याला फडक्यात गुंडाळला, आणि तेव्हाही माझी पाठ दुखत नव्हती.

चौथ्या दिवशी कारभारी वाडीच्या तोंडाशी येऊन ओरडला, "भागी पडलीय तर थोरलीला लावा! वाकता येतं तिला, डॉक्टरनं लिहून दिलंय!"

त्या दिवशी मात्र पाठ धरली होती. कुडाला धरून उभी राहिले. तरी मी निघाले. मनात म्हटलं, हीच माझी शिक्षा. जड मोळी घ्यायची, सगळ्यात जड. चालताना मेले तर बरंच.

डोक्याची चुंबळ हातात घेतली तशी भागी अंथरुणावरून म्हणाली, "कुठं?"

"वेठीला."

"दुखतंय?"

"हाय."

मग माझ्यानं राहवलं नाही. मी तिच्याजवळ बसले. "भागी, त्या दिवशी दुखत नव्हतं."



"ठाव हाय," ती म्हणाली. "तुझा हंडा भरलेला बघितला मी. मोळी डोकीवर घेईपर्यंत वाट बघितली. वाटलं, मागून हाक मारशील."

मी चुंबळ घेऊन उठायला लागले.

"आता मोळी उचलून काय करशील?" ती म्हणाली. "माझं पोर येनार हाय? त्या खोताचीच गाडी भरशील."

एवढं बोलून तिनं कुडाकडे तोंड केलं.

मी चुंबळ तिथंच टाकली आणि खोताच्या घरी गेले. वाटभर तिचं बोलणं डोक्यात होतं. पाप माझं होतं. पण त्याची फेड मी कुणाच्या दारात करायला निघाले होते? जिला पोराला मुकावं लागलं ती माझ्या घरात पडली होती, आणि मी निघाले होते खोताची लाकडं वाहायला. आणखी एक कळलं. वर्षभर मी सूट मागत फिरत होते. चिठ्ठी आणते, डाग दाखवते, कण्हून दाखवते, पण सोडा. मला सोडायचा हक्क खोताला दिला कुणी, हे मी एकदाही विचारलं नव्हतं.

खोत पडवीत सुपारी कातरत होता. "आलीस? बरी झालीस वाटतं."

"बरी नाय झाले," मी म्हणाले. "पाठ कधी दुखते, कधी नाय. का दुखते ते मला ठाव नाय. तुमच्या डागदरालाबी ठाव नाय. पन तुमचं लाकूड मी नेनार नाय. दुखलं तरी नाय, नाय दुखलं तरी नाय."

"काय म्हणालीस?"

मी पुन्हा म्हटलं. सगळं, पहिल्यापासून.

तो जागचा उठला. नाचणीचा उतार काढून घेईन म्हणाला. काढून घेतला. त्या पावसाळ्यात आम्ही कंद आणि रानभाजी खाऊन राहिलो. नवऱ्यानं मुंबईहून निरोप धाडला, जाऊन पाय धर. मी गेले नाही. वाडीतल्या दोघी बायका पुढच्या हाकेला घरात बसून राहिल्या, बाकीच्या मान खाली घालून गेल्या. त्यांना मी नावं ठेवत नाही. मीही एका सकाळी पांघरूण ओढून घेतलं होतं.

भागीनं मला माफ केलं नाही. मी माफी मागितलीही नाही. ती माझ्याशी बोलते, माझ्या हातची भाकरी खाते, पण मला 'बाय' म्हणायचं तिनं सोडलं ते कायमचं.

पाठ अजून दुखते. पुढेही दोन वैद्य झाले, एक डॉक्टर झाला. कुणाला नाव सापडलं नाही. न सापडो. दुखेल त्या दिवशी मी दुखतं म्हणेन, कुणी मानो न मानो. दुखणार नाही त्या दिवशी भर उजेडात ताठ चालेन, सगळ्यांच्या देखत. माझ्या वाटचं ओझं दुसऱ्या बाईच्या डोक्यावर जाऊ देणार नाही. आणि खोताचं ओझं, ते मी माझंही होऊ देणार नाही आणि तिचंही.