सापेलेचा डिक्शनरी

सापेलेच्या बाजारात कुणाचं चाक पंक्चर झालं की तो ओगागाकडे जाई, आणि कुणाला इंग्रजी शब्द अडला की तोही ओगागाकडेच जाई. कडुनिंबाखाली त्याचं हवा भरायचं मशीन धडधडत असे आणि शेजारच्या बाकावर दुपारभर स्क्रॅबलचा फड रंगे. अक्षरांच्या ठोकळ्यांतून शब्द जुळवायचे, गुण मोजायचे आणि हरलेल्याची यथेच्छ टर उडवायची. सहावीतून शाळा सोडलेला हा गडी न्हाव्याला, तेलवाल्याला, एवढंच काय शाळामास्तरांनाही त्या बाकावर पाणी पाजत असे. झेड असलेले शब्द, एक्स असलेले शब्द, क्यू असून यू नसलेले शब्द, सगळ्या याद्या त्याला तोंडपाठ. ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे शोधतानाही त्याचे ओठ हलतच असायचे.

अर्थाच्या नावाने मात्र ठणठणाट. "गुण अक्षरांना मिळतात रे, अर्थाला कोण विचारतो?" असं तो म्हणे, आणि बाकावरचे सगळे माना हलवत, कारण सगळे एकाच माळेचे मणी. मोहल्ल्याला हे काय ठाऊक! लोक त्याला 'डिक्शनरी' म्हणत. ओगागा कधी खोटं बोलला नाही, पण लोकांचा तो गैरसमज त्याने अगदी जिवापाड जपला. माणूस आहे, गोड वाटणारच.

मग एलोहोचं लग्न ठरलं. एलोहो त्याची धाकटी बहीण. आईबाप गेले तेव्हा ती जेमतेम चालायला लागली होती. वाढवली ती यानेच. नवरामुलगा इकेडी आबा शहरातला, त्यांची भाषा वेगळी, तेव्हा दोन्ही घरांमधलं बोलणं इंग्रजीत होणार. मुलीकडून नेहमी एडाफे काका बोलायचे, पण आदल्या दिवशी त्यांचा घसा असा बसला की कोंबडंही बरं. सगळे एका सुरात म्हणाले, "काळजी कसली? घरात डिक्शनरी आहे!"



"दादा, साधंच बोल," एलोहो म्हणाली. "बाजारात बोलतोस तसं."

"वेडी आहेस का? त्यांच्याकडून वकील येतोय बोलायला. मी बाजारातलं बोललो तर सासरी तुला हसतील."

मग त्याने काय करावं? क्यूची यादी काढली. क्यूला दहा गुण, म्हणजे त्या शब्दांचा अर्थही तसाच थोर असणार, असा त्याचा हिशेब. डोकं स्क्रॅबलच्या पाटावर पिकलं की असे हिशेब सुचतात.

शनिवारी सकाळी मांडव भरला. पाहुण्यांनी रताळी, पामतेल, शुभकार्यात फोडायची कोलानटची फळं आणि दारूच्या बाटल्या मांडल्या. वकीलसाहेब घसा खाकरून लांबलचक बोलले. मग ओगागा उठला. नवी टोपी, हातात काठी.

"मंडळी!" तो कडाडला. "आमची एलोहो म्हणजे साक्षात फकीर! तिचा स्वभाव म्हणजे सूक! आणि देवाकडे आमचं एकच मागणं, या दोघांच्या घरात रोज तलाक नांदो! त्यांच्या पोराबाळांनाही उदंड तलाक लाभो!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. वकीलसाहेबांनी गंभीरपणे मान डोलावली. एवढ्यात पाहुण्यांच्या रांगेतून इकेडीची आत्या उभी राहिली. उगोये तिचं नाव. तीस वर्षं तिने कानो शहरात, मुसलमान वस्तीत, कापड विकलेलं.

"थांबा! तलाक कुणाला देताय? आधी लग्न तरी लागू द्या की!"

"आत्या, बस ना खाली," इकेडी पुटपुटला.

"तू गप्प बैस! माझ्या शेजारणीला नवऱ्याने तलाक दिला तेव्हा तिची भांडीकुंडी मी बांधली होती. तो शब्द मला नका शिकवू. काडीमोड मागतोय हा, आणि तोही नातवंडांपर्यंत!"

कोलानटपुढे उच्चारलेलं वाईट वचन म्हणजे शापच. इकेडीच्या दोन चुलत्यांनी टोप्या चढवल्या आणि एकाने रताळ्यांची टोपली उचलून गाडीकडे चालायला सुरुवात केली.

मागून न्हावी ओरडला, "अहो, दुसरा अर्थ असेल! डिक्शनरी चुकत नसतो!"

वकीलसाहेबही सावरून घ्यायला लागले. "हो, हो, जुन्या कायद्यात त्याचा एक वेगळा..."

झाकली मूठ सव्वा लाखाची. ओगागाने नुसती मान हलवली असती तरी निभावलं असतं, निदान त्याच्या नावापुरतं तरी. पण त्याने एलोहोकडे पाहिलं. चेहऱ्यावरचा पदर तिने दोन्ही मुठींत घट्ट धरला होता. आता शंका राहिली तर ती तिच्या संसारात जाऊन बसणार होती.

त्याने टोपी काढली. "दुसराबिसरा काही अर्थ नाही. मला कुठलाच अर्थ ठाऊक नाही. शब्द बारा हजार येतात, अर्थ फार तर तीनशेचे. क्यूला दहा गुण मिळतात, म्हणून वाटलं काहीतरी मोठं असेल. आत्या, चूक माझी. पोरीचा त्यात काही दोष नाही."

उगोयेने त्याला आपादमस्तक न्याहाळलं. "आणि फकीर म्हणजे काय, ते तरी?"

"नाही."

"वाडगा घेऊन दारोदार फिरतो तो! आणि सूक म्हणजे बाजार! पोरीचा स्वभाव बाजार?"

पदराआडून पहिलं हसू फुटलं ते एलोहोलाच. मग सगळा मांडव खदाखदा हसला. आत्याने वकिलाकडे मोर्चा वळवला, "आणि तुम्ही हो? तुम्ही कशाला मान डोलवत होतात?" वकीलसाहेब बुटाची नाडी पुन्हा बांधायला खाली वाकले.

"आता मुलीबद्दल बोल," उगोये म्हणाली. "तुला येतं तसं."

ओगागा बाजारातल्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत बोलायला लागला. "इकेडी, ही रागावली की जेवत नाही. तेव्हा तिला हाका मारू नकोस. ताट झाकून ठेव. राग उतरला की आपली आपण उठून जेवते. ताप आला की एकटं झोपायला घाबरते, पण तसं सांगत नाही. आणि खूप बोलते. घर शांत वाटलं तर समज, काहीतरी बिनसलंय. माझं घर उद्यापासून शांत होणार आहे."

उगोयेने डोळे पुसले आणि भाच्याला खेकसून सांगितलं, "ती टोपली आण रे परत!"

आता एकच विधी उरला होता. पेला हातात धरून मुलीला तीनदा विचारायचं, आणि ती तिन्ही वेळा हो म्हणाली तरच तिच्या घरच्यांनी ती दारू प्यायची.

"एलोहो, ही दारू आम्ही प्यावी ना?" ओगागाने विचारलं.

"प्या."

"नीट विचार कर. पिऊ?"

"प्या."

तिसऱ्यांदा विचारायचं सोडून त्याने पेला खाली ठेवला आणि पुन्हा उचलला. लोक वाट बघत राहिले. एडाफे काकांनी बसलेल्या घशाने काहीतरी सुचवलं, ते कुणालाच ऐकू आलं नाही.

मग एलोहो उठली. तिने पदर मागे टाकला, दादाच्या हाताखाली आपला हात धरला आणि पेला त्याच्या ओठांशी नेला.

"पी दादा," ती म्हणाली. "मी सुखात राहीन."