नलिनीताईंचा रिकामा खिळा

नलिनीताई आणि चेनसॉ यांची पहिली भेट १९९२ साली सायलीतल्या एका पेट्यांच्या कारखान्यात झाली, आणि त्या दिवशी सायलीतले कावळे जे उडाले ते थेट दुधनीला जाऊन उतरले, असं सांगतात. वसंत मिस्त्रीने लाकूड कापायच्या त्या साखळीच्या करवतीची दोरी ओढली मात्र, कँटीनमधला चहा कपातून आपण होऊन बशीत आला, पहारेकऱ्याची शिट्टी कोणी न फुंकता वाजली आणि टोकरखाड्यातल्या एका म्हशीने तीन दिवस दूध दिलं नाही. ही म्हैस कोणाची ते अजून कळलेलं नाही, पण दूध दिलं नाही याबद्दल दुमत नाही.

नलिनीताई तेव्हा यंत्राच्या चलानावर सही करत होत्या. त्या कारखान्याच्या स्टोअरकीपर. वजन त्रेचाळीस किलो, त्यातले दोन किलो कमरेच्या किल्ल्या. सही सुरू झाली चलानावर आणि संपली वसंत मिस्त्रीच्या सदऱ्यावर.

"बेन, घाबरू नका," मिस्त्री यंत्र बंद करून ओरडला. "याला ताकद लागते. बाईमाणसाचं काम नाही हे."

"ताकद नंतर," नलिनीताई म्हणाल्या. "आधी यासोबत आलेलं पुस्तक कुठंय ते सांगा. चलानावर लिहिलंय, पुस्तक एक नग."

पुस्तकावर मिस्त्रीने भजी ठेवली होती. नलिनीताईंनी ती उचलून त्याच्या हातावर ठेवली, पुस्तक पुसलं आणि स्टोअरमध्ये नेऊन नोंदवलं. पुढची तीन वर्षं मिस्त्री पायात चपला आणि डोक्याला पंचा अशा चिलखतात ओंडके कापत राहिला आणि नलिनीताई जेवणाच्या सुट्टीत तेलकट पुस्तक वाचत राहिल्या. का, ते त्यांनी कोणाला सांगितलं नाही. खरी गोष्ट टोकरखाड्यातल्या त्यांच्या घरच्या भिंतीवर होती.

त्या भिंतीवर सगळं घराणं चौकटीत बसलेलं होतं. सासरे नारायण, म्हणजे अप्पा, निवृत्त शिक्षक. त्यांचं निरोप समारंभाचं मानपत्र मध्यभागी, आणि शेजारी १९५१ सालचं खो-खोचं उत्तेजनार्थ प्रशस्तिपत्रक. नवरा चेतन, त्याचं आयटीआयचं प्रमाणपत्र. नणंद विद्या, तिची टायपिंगची दोन, मराठीचं वेगळं आणि इंग्रजीचं वेगळं. नलिनीताई मॅट्रिकला तीनदा बसल्या आणि तिन्ही वेळा गणिताने त्यांना दारातूनच परत पाठवलं. तरी १९८४ साली या घरात राहायला आल्या त्याच दिवशी त्यांनी स्वतः हातोडी घेऊन एक खिळा ठोकला होता. "हा माझा," म्हणाल्या. अकरा वर्षं त्या खिळ्यावर अप्पांची छत्री लटकत होती.

१९९५ च्या सप्टेंबरात विम्याचा माणूस कारखाना बघायला आला. मिस्त्रीच्या चपला त्याने पाहिल्या, पंचा पाहिला, आणि हातातली पेन्सिल खाली ठेवली. मग म्हणाला, रीतसर शिकलेल्या आणि प्रमाणपत्र असलेल्या माणसाशिवाय या यंत्राला कोणी हात लावला तर विमा रद्द. मॅनेजर राजेंद्र पुण्याचे. त्यांनी लगेच यंत्र बनवणाऱ्या कंपनीला फोन लावला. कंपनी शिक्षक पाठवायला तयार होती, पण अट अशी की किमान तीन उमेदवार हवेत. मिस्त्री एक. फोर्कलिफ्ट चालवणारा सागर दोन. तिसऱ्याची शोधाशोध करत राजेंद्र स्टोअरच्या खिडकीशी आले.

"नलिनीताई, नावापुरतं बसायचं. दहा दिवस. काही करायचं नाही, फक्त हजेरी."

"परीक्षा देता येते का?"

"तशी देता येते, पण…"

"पास झाल्यावर कागद मिळतो?"

"कागद? हो, मिळतो. शिक्का वगैरे असतो."

"मग लिहा नाव. पूर्ण लिहा, वडिलांच्या नावासकट."

संध्याकाळी घरी ही बातमी ऐकून अप्पांनी चष्मा कपाळावर चढवला. "सूनबाई, मॅट्रिकच्या वेळी गणित राहिलं, ठीक आहे. आता बोटं तरी राहू देत."

शिक्षक आला तो कौस्तुभ नावाचा, सव्वीस वर्षांचा, आणि इतका गंभीर की हसताना परवानगी मागेल असं वाटावं. त्याने पहिल्या दिवशी सांगितलं की यंत्र सुरू करण्याआधी पंधरा गोष्टी तपासायच्या. मिस्त्री म्हणाला, "मी एकच तपासतो. पेट्रोल." नलिनीताईंनी पंधरा गोष्टी स्टोअरच्या खणाला लावायच्या कार्डावर लिहिल्या आणि कार्ड भाजी निवडताना समोर ठेवलं. चार दिवसांत अप्पांनाही त्या पाठ झाल्या. विद्याने पोळीसाठी गॅस पेटवला की ते आतून ओरडायचे, "साखळीचा ताण पाहिलास का?"

हेल्मेट नलिनीताईंना नाकापर्यंत यायचं, हातमोज्यात दोन माणसांचे हात मावले असते, आणि जाड पँट साडीवरून चढवल्यावर त्या तिजोरीसारख्या दिसत. पण पाय यंत्राच्या मुठीत रोवून दोरी कशी ओढायची, पात्याचं टोक लाकडाला टेकलं तर यंत्र उलटं कसं उसळतं, हे सगळं त्यांना आधीच माहीत होतं. तीन वर्षं त्या पुस्तकातून दुसरं काय वाचत होत्या?

आणि मग मध्येच दसरा आला. कारखान्यात दसऱ्याला यंत्रांची पूजा होई आणि हळदीकुंकू लावायचा मान दरवर्षी नलिनीताईंचा. पूजेत त्या कंजुषी करत नसत. चेनसॉची तर दुसऱ्या दिवशी परीक्षा. तिला त्यांनी मूठभर कुंकू वाहिलं, वर झेंडूचा हार, वर अक्षता, आणि मिस्त्रीने त्यावर भक्तिभावाने नारळाचं पाणी ओतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळा कारखाना आवारात जमला. अप्पाही आले होते, छत्री घेऊन. मिस्त्रीचा पहिला नंबर. त्याने दोरी ओढली. यंत्र खोकलंसुद्धा नाही. दहा वेळा ओढली, वीस वेळा ओढली. शेवटी यंत्राभोवती लिंबू फिरवून ओढली.

"मशीनले नजर लागनी!" मिस्त्री घामाघूम होऊन खाली बसला.

"मिस्त्री, यादीतली पहिली गोष्ट कोणती?" कौस्तुभने विचारलं.

"नारळ," मिस्त्री म्हणाला.

सागरने यंत्राला हात लावायच्या आधीच हात जोडले. दुपारपर्यंत यंत्र सुरू झालं नाही तर परीक्षा रद्द, आणि कौस्तुभची गाडी संध्याकाळची. बिघाड कुठे आहे ते नलिनीताईंना पक्कं माहीत होतं. तो त्यांनीच केला होता. बोलावं तर परीक्षेआधी यंत्र बिघडवल्याचा ठपका, न बोलावं तर खिळ्यावर छत्री. त्या पुढे झाल्या.

"हवेची जाळी," त्या म्हणाल्या आणि झाकण उघडलं. आत जाळी कसली, देव्हारा होता. ओल्या कुंकवाचा लगदा, झेंडूच्या पाकळ्या, पाच अक्षता.

"हे कोणी केलं?" कौस्तुभने विचारलं.

"मी. कुंकू मीच वाहिलं. भर मुठीनं."

राजेंद्र आकाशाकडे बघू लागले.

"आणि आता?"

"रॅक सात, खण चार. नवी जाळी आहे, एक नग. तीन वर्षं पडून आहे, कोणी मागितलीच नाही." कमरेची किल्ली काढत त्या गेल्या आणि आल्या. ठिणगीचा प्लग काढून पुसला, जाळी बसवली. मग कार्ड न बघता पंधराच्या पंधरा गोष्टी एकेक बोलत तपासल्या. तिसऱ्या ओढीला यंत्राने असा हंबरडा फोडला की दुधनीला गेलेले कावळे आता परत येण्याचा विचार कायमचा सोडून देतील.

आवाराच्या मागे वाळलेलं नीलगिरीचं झाड होतं. कौस्तुभने चुन्याची रेघ मारली. झाड या रेघेवर पडलं पाहिजे. नलिनीताई झाडाभोवती दोन फेऱ्या फिरल्या, वर पाहिलं, पळायची वाट ठरवली.

"राजेंद्र साहेब, मागं व्हा. झाडाच्या दुप्पट लांब."

"मी इथं ठीक आहे हो."

"पुस्तकात मॅनेजर वगळलेला नाही."

राजेंद्र फाटकापर्यंत गेले. नलिनीताईंनी पडायच्या बाजूने खाच घेतली, मागून काप घेतला, मध्ये बिजागरीइतकं लाकूड राखलं आणि यंत्र थांबवून तिरक्या वाटेने मागे सरल्या. झाडाने क्षणभर विचार केला. मग करकरलं, वाकलं आणि धाडकन रेघेवर आडवं झालं. टाळ्यांच्या गोंधळात अप्पा छत्री घेऊन धावले, बुंध्याशी उकिडवे बसले आणि रेघेपासूनचं अंतर मोजलं.

"तीन बोटं चुकलंय," ते उभे राहत म्हणाले. "गणितात इतपत चालतं."

कौस्तुभने शेऱ्यात लिहिलं: बिघाड स्वतः केला, स्वतः कबूल केला, स्वतः दूर केला. शंभरात एक्क्याण्णव. आणि मग तो परवानगी न मागता हसला. मिस्त्री आणि सागर अर्ध्या तासाने त्याच यंत्रावर पास झाले. मिस्त्रीला छप्पन्न मिळाले आणि त्याने "बेननी कृपा" म्हणून नलिनीताईंच्या पायाला हात लावला. हेल्मेटमुळे त्यांना तो दिसलाच नाही.

कागद पंधरा दिवसांनी आला. जाड, पिवळसर, लाल शिक्क्याचा, वडिलांच्या नावासकट. अप्पांनी स्वतः खिळ्यावरची छत्री काढून दाराच्या कडीला अडकवली, चौकट टांगली, आणि ती सरळ दिसेना म्हणून आपलं खो-खोचं प्रशस्तिपत्रक वाकडं केलं. आठवडाभर टोकरखाड्यातली माणसं चहाला येत होती आणि नलिनीताई प्रत्येकाला पंधरा गोष्टी सांगत होत्या.

त्यानंतर त्यांनी ते यंत्र एकूण अकरा वेळा चालवलं. पुढच्या वर्षी कारखान्याने लाकडी पेट्या बंद करून पुठ्ठ्याच्या सुरू केल्या. ऑक्टोबर १९९७ मध्ये प्रमाणपत्राची मुदत संपली, आणि नूतनीकरणालाही किमान तीन उमेदवार लागत असल्यामुळे ते झालं नाही.