पिशवीतली चवळी

ओसाकाच्या बाहुली-नाट्यगृहात फिरती बैठक वळली आणि सगळ्या बाहुल्यांचे आवाज काढणारे गायक इसोदायू व शेजारी शामिसेन हे तीन तारांचं वाद्य घेऊन बसलेला मी, दोघेही उजेडात आलो.

सकाळीच डॉक्टर त्यांना म्हणाले होते, "श्वासाच्या पडद्याचं मूळ कण्याला चिकटलेलं असतं. तुमचा मणका चिरलाय. खोल श्वास घेतलात, तर तो सरकेल आणि पाय जातील."

"गुरुजी, आज खेळातल्या बापाचं ते लांबलचक हसू आखूड करा," मी आत विनवलं होतं.

"बापाचं हसू आखूड करू? तू तुझ्या तारा आखूड कर," म्हणत त्यांनी पोटावरच्या पट्ट्यात चवळीची पिशवी खोचली. तिच्या वजनावर आमचे गायक श्वास तोलतात. श्वास भरला की दाणे सळसळतात, आणि त्यावरच मी तार छेडायचो.

हसण्याची जागा आली. दाणे वाजेनात. माझा हात हवेतच थांबला. मग सळसळ झाली आणि ते दिलदार हसू नाट्यगृहभर उसळलं. तसं हसू पुन्हा ऐकलं नाही.

बैठक आत वळली. ते उठले नाहीत. माझं मनगट धरून हळूच म्हणाले, "किची, आधी पिशवी काढ. पायांचं मग बघू, ते कुठेयत तेच कळत नाहीये."