विकी गेल्यावरचा ‘खोडवा’

गाणं चांगलं की टाकाऊ, हे ठरवायला तुम्ही भरवसा कुणावर ठेवता? पेपरात लिहिणाऱ्यावर, मोबाइलमधल्या लाइकवर, की पोरांच्या बोंबलण्यावर? मी सांगलीचा हळदीचा व्यापारी. पोत्यावरचा शिक्का बघून माल घेत नाही, हळकुंड मोडून आतला रंग बघतो. आमच्या ‘गव्हाण’ रॉक बँडचा दुसरा अल्बम मात्र लोकांनी न मोडताच बाजूला सारला. बँडची प्रॅक्टिस माझ्याच गोडाऊनमध्ये चालते, त्यामुळे किश्श्यांचीही थप्पी लागलीय. वरचे थोडे उतरवतो.

*

बँडचा पहिला गायक विकी. देखणा गडी, केस खांद्यापर्यंत. पहिला अल्बम त्याच्या जोरावर साताऱ्यापासून जतपर्यंत वाजला. मग विकी पुण्याच्या मोठ्या बँडमध्ये गेला आणि आमचा गिटारवाला बाळू सुतकात बसल्यासारखा बसला.

शेवटी ड्रमर सलीम एकाला घेऊन आला. पाटणकडचे तानाजी हवालदार, फौजेतून नुकतेच रिटायर. पीळदार मिशा, शर्ट पँटीत खोचलेला, बुटात तोंड दिसेल असं पॉलिश.

बाळूनं कपाळाला हात लावला. “काका, रॉक म्हंजे काय म्हाईत हाय का?”

“न्हाई. पर बर्फात तोफंच्या शेजारी हुबा राहून भजन म्हणलंय. लांबच्या पोस्टला ऐकू जात हुतं.”

माइक त्याच दिवशी हवालदारांच्या हातात गेला!

*

नव्या अल्बमचं नाव हवालदारांनी सुचवलं : ‘खोडवा’. ऊस तोडल्यावर त्याच बुडख्यातून पुन्हा फुटतो, तो खोडवा.

बाळू भडकला. “खोडव्याचा उतारा कमी पडतो, हवालदार! लोक हसतील.”

“मग नव्यानं लागण कर. हाय का लावायला नवं बेणं?”

बाळूचे वडील ऊसवाले. ते दारात उभे होते. म्हणाले, “बाळ्या, आयुष्यात पहिल्यांदा तुझ्या बँडमधलं काय तरी मला समजलं. ठेव की नाव!”

*

रेकॉर्डिंग मिरजेत, सलीमच्या चाचांच्या सतारीच्या कारखान्यात. भिंतीला सगळीकडे तंबोरे टांगलेले. बाळूनं गिटारवर पहिला सूर छेडला आणि भिंतीवरचे तंबोरे आपले आपण गुणगुणायला लागले!

“चाचा, ह्यास्नी गप करा की!”

चाचा भोपळा तासत होते. मान वर न करता म्हणाले, “तू हाक मारलीस म्हणून त्यांनी ओ दिली. आता गप बसा म्हणतोस व्हय?”

ती गुणगुण तशीच अल्बममध्ये आली. ज्यांनी ऐकला त्यांनी तक्रार केली. एकानं तर मला फोन केला, “शेठ, मागं पंखा चालू राहिलाय.”

परवा साताऱ्याला जाताना गाडीच्या काचा लावून नीट ऐकला. पहिल्या अल्बममध्ये गाणं संपलं की संपायचं. ह्यात गाणं संपतं आणि ती खोली उरते. गिटार थांबते, भिंत बोलत राहते. गाडी बाजूला घेतली आणि तेच गाणं पुन्हा लावलं!

*

आणखी एक. विकीच्या वेळी बाळूची गिटार एक क्षण गप बसत नसे. हवालदारांना ओळीच्या आधी थांबायची सवय. ते थांबले की बाळू मोकळी जागा भरून टाकायचा.

हवालदार म्हणाले, “बाळू, मी थांबलो म्हंजे मेलो न्हाई. दम खा की गड्या.”

तेव्हापासून बाळूनं दम खाल्ला. माझं मत विचाराल तर, ह्या अल्बममधली सगळ्यात भारी गिटार म्हणजे न वाजवलेली गिटार! हां, शेवटच्या गाण्यातला सलीमचा सोलो लय लांबलाय. चांगल्या मालातही खडा निघतो, तो लपवणार नाही.

*

पण कुठंही गेलं की पब्लिकची एकच आरोळी, “विकी! विकी!” साताऱ्याच्या एका कॉलेजात एका पोरीनं हवालदारांसोबत सेल्फी काढला आणि विचारलं, “काका, विकी कधी येणार स्टेजवर?” हवालदारांनी मिशीतल्या मिशीत हसून दाखवलं.

येताना टेम्पोत मला म्हणाले, “शेठ, आपल्या साताऱ्याकडच्या औंधला गातो. तितं ‘खोडवा’ नावाचं गाणं एक डाव कुणी शेवटपातूर ऐकलं तर ठीक. न्हाईतर माइक ठेवतो. गावाकडं म्हशी हायत्याच.”

बाळू खिडकीकडं तोंड करून बसला. दुसऱ्यांदा गायक गेला म्हणजे बँडच गेला, हे त्याला कळत होतं.

*

औंधला मैदान भरलेलं. आणि पुढच्या रांगेत पाहुणा म्हणून कोण, तर साक्षात विकी! पोरं पेटलीच. ‘खोडवा’ची पहिली ओळही ऐकू येईना. खुर्च्या डोक्यावर नाचायला लागल्या. हवालदारांनी माइक खाली ठेवला, पाठ फिरवली, दोन पावलं गेले, आणि गर्रकन वळून नुसत्या गळ्यानं ओरडले,

“साऽऽवधान!”

त्या भागात घराआड एक फौजी. मैदानातले सगळे पेन्शनर ताडकन उभे! टाचा जुळलेल्या, हात मांडीला चिकटलेले, नजर समोर. आजोबा असे उभे राहिलेले बघून नातवंडांनी खुर्च्या खाली ठेवल्या. विकीही उठून उभा!

हवालदारांनी माइक उचलला आणि ‘खोडवा’ पहिल्यापासून शेवटपर्यंत गायला. कुणी खोकलंसुद्धा नाही.

गाणं संपलं. पेन्शनर टाचा जुळवून तसेच उभे. मग मागून एक म्हातारा आवाज आला,

“आवं हवालदार, तुमच्या वरच्या सुभेदाराला किती येळ हुबा करताय? आता ‘विश्राम’ म्हणा की!”

मैदान फुटलं. हसणं, टाळ्या, शिट्ट्या, सगळं एकदम.

खाली उतरल्यावर हवालदारांनी मला टेम्पोच्या मागं ओढलं. कपाळाचा घाम पुसला.

“शेठ, तुमी व्यापारी माणूस. हिशेब खरा सांगा, माझी भीड धरू नका. आवडलं म्हणून किती माणसं थांबली, अन् हुकूम म्हणून किती?”