पहिला ठोका रिकामा

नात नांदेडला कॉलेजात शिकते आणि ड्रम वाजवते. पायानं वाजवायचा एक मोठा, काडीनं वाजवायचे तीन-चार, वर पितळी थाळ्या. तिला जमैका नावाच्या बेटावरच्या गाण्यांचं वेड आहे. रेगे म्हणतात त्याला. परवा तिनं माझ्यापुढं फोन ठेवला.

"आजी, तीन काळातले तीन वाजवणारे ऐकवते. कोण भारी ते सांग. अन् सगळेच चांगले, असं म्हणायचं न्हाई."

मी तसं कधी म्हणत नाही. तिला ते ठाऊक आहे.

पहिला सगळ्यात जुना. चार ठोके मोजले, तर हा गडी पहिल्या ठोक्यावर काहीच वाजवत नाही. पाय उचलून धरतो आणि तिसऱ्यावर आपटतो. दुसरा त्याच्या मागून आलेला. तो चारही ठोक्यांवर पाय मारत जातो, मोर्चा चालल्यासारखा. तिसरा माणूस नव्हताच. मशीन होतं.

"पहिला," मी म्हणाले.

"का?"

"त्याच्या रिकाम्या ठोक्यावर माझी टाळी पडली. त्यानं जागा ठेवली म्हणून पडली. दुसऱ्याच्या हातापायात जोर आहे, पण तो मला चालवतो, बोलावत नाही. मशीन चुकत नाही आणि कुणासाठी थांबतही नाही."

ती म्हणाली, तिकडं स्टुडिओत ठरलेली चार-पाच माणसं असायची. गाणारे बदलायचे, वाजवणारे तेच. ते मला सांगू नको म्हटलं. लातूरला तसल्याच चौघांशी मी भांडलेली आहे.

मग ती मागंच लागली, लिहून काढ म्हणून. माझी शाळा चौथीपर्यंत. जमेल तसं लिहिते. कुणाला गोड वाटावं म्हणून लिहीत नाही.

लोह्याजवळच्या आमच्या गावात बुद्धविहाराची गायन पार्टी होती. जयंतीला, लग्नाला, कुणी वारलं तर पुण्यानुमोदनाला गाणी म्हणायची. ढोलकी माझ्या बापाची. त्याची एक रीत होती. धृपद फिरून आलं, की तो पहिला ठोका वाजवायचा नाही. हात कातड्याच्या वर वीतभर थांबायचा आणि समोर बसलेली माणसं तिथं टाळी द्यायची. ती टाळी पडली, की मगच गाणारा पुढची ओळ उचलायचा. नवख्या माणसाला वाटायचं, म्हातारा विसरला.

"बा, तू तिथं वाजवत का न्हाईस?" मी लहानपणी विचारलं होतं.

"तो ठोका माझा न्हाई. बसलेल्यांचा हाय. आपण समदंच वाजवलं तर लोकांनी काय निस्तं बघत बसायचं?"

बहात्तरच्या दुष्काळात मी माहेरी होते. लग्न झालेलं, पण सासरच्या गावात प्यायला पाणी नव्हतं. आम्ही सगळे रस्त्याच्या दुष्काळी कामावर खडी फोडायला. मिलो नावाच्या परदेशी लाल ज्वारीच्या भाकरी, वरून सरकारी सुकडी. एका दिवशी दगडाची कपची उडाली आणि बापाच्या उजव्या हाताची दोन बोटं कामातून गेली. जखम भरली, पण बोटं वाकेनात. त्यानं ढोलकी माझ्यापुढं सरकवली. लहानपणापासून त्याच्याजवळ बसून मी मांडीवर वाजवत आले होते, ते त्याला ठाऊक होतं.

वस्तीतला एक म्हातारा लगेच बोलला, "लेकीला ढोलकी देतूस? उद्या फडावर नाचंल ती."

"मग तू धर," बाप म्हणाला. "घे. वाजीव."

म्हाताऱ्यानं हात मागं घेतले. विषय संपला. निदान माझ्या बापापुरता संपला. मला पुढं दहा वर्षं तेच ऐकावं लागलं आणि दहा वर्षं मी, सासरहून येऊन-जाऊन, वाजवत राहिले.

दुपारच्या सुट्टीत बाभळीखाली आम्ही गाणी म्हणायचो. माणसांचे तळहात फुटलेले, टाळी देता येत नव्हती. रिकामा ठोका आला की बाया हातोडी दगडावर मारायच्या. एवढ्या हातोड्या एकदम पडल्या की मुकादम लांबून ओरडायचा, "काम चालू हाय का गाणं?" कुणीतरी म्हणायचं, "दोन्ही हाय, सायेब." त्या ठोक्यावर हात वर धरून ठेवायला मी तिथं शिकले. वाजवणं सोपं असतं. हात अडवणं अवघड.

लातूर जिल्हा झाला त्या सुमारास माझ्या धाकट्या भावाला कॅसेटचं सुचलं. आवाज त्याचा खरंच चांगला, पार्टीत तोच गायचा. लातुरात एका दुकानदारानं दुकानामागच्या खोलीत रेकॉर्डिंग सुरू केलं होतं. सगळ्या शहरात पाट्यांवर 'जिल्हा' शब्द नव्यानं रंगवणं चाललेलं, रंगाचा वास येत होता. आम्ही चौघं एसटीनं गेलो. भाऊ, मी आणि कोरसला वस्तीतल्या दोघी. ढोलकी माझ्या मांडीवर.

दुकानाच्या मालकानं आधी ढोलकीकडं पाहिलं, मग माझ्याकडं.

"ही कशाला आणली? आपल्याकडं वाजवणारे हायेत ना. गाणारा अन् कोरस आत या. ताई, तुम्ही भाईर बसा, चहा सांगतो."

 मी भावाकडं बघत होते आणि तो चपलेकडं. त्याला कॅसेट हवी होती. मला पण हवी होती, पण माझ्याशिवाय नको होती. बाप तेव्हा वारलेला होता. त्याचा हात आता फक्त माझ्या हातात उरला होता. तो त्या फितीवर गेला नाही, तर कुठंच राहणार नव्हता. हे भावाला समजत होतं, म्हणून तर तो वर बघेना.

मी चहा घेतला नाही. दाराला टेकून ऐकत उभी राहिले.

खरं सांगायचं तर ते चौघं वाईट नव्हते. पेटी, बेंजो, ढोलक, झांज. एकदा चाल ऐकली की धरायचे. ढोलकवाल्यानं हातोडीनं ढोलक अशी लावली, की माझ्या बापानंही मान हलवली असती. सकाळी देवीची आरती, दुपारी आम्ही, संध्याकाळी कव्वाली, सगळ्याला तेच चौघं. हात स्वच्छ. पण ते ऑर्केस्ट्रात शिकलेले, आमच्यासारख्या अंगणात कधी बसले नव्हते. नात म्हणते, त्या बेटावर स्टुडिओत वाजवणारे गल्लीतूनच आलेले असायचे, म्हणून गल्लीचा ठोका फितीवर गेला. हाच फरक. पुढं आमच्याकडंही ते चौघं गेले आणि मशीन आलं. तेव्हा लोक हळहळले. मी हळहळले नाही. मशीनचं काम ते चौघं आधीच करत होते.

तर आत गाणं सुरू झालं. धृपद फिरून आलं. ढोलकवाल्यानं पहिला ठोका खणखणीत दिला आणि त्याच क्षणी कोरसच्या दोघींनी सवयीनं टाळी दिली. दोन्ही एकावर एक आपटलं. फीत थांबवली.

"टाळ्या कुणी सांगितल्या?" मालक.

"कुणी न्हाई," एक जण म्हणाली. "पडत्यात त्या."

"हात मांडीखाली दाबून बसा."

दोघी हात मांडीखाली घालून बसल्या, शाळेत शिक्षा झाल्यासारख्या. पुन्हा सुरू केलं. आता टाळी नाही, रिकामी जागा नाही. भाऊ त्याच जागेत श्वास घ्यायचा. ती बुजल्यावर ओळ अर्धीच उचलली गेली. तिसऱ्यांदा तो आधी शिरला. चौथ्यांदा ठसका लागला. मालक म्हणाला, "तुम्हाला गाता येतं का?"

ते मात्र मला सहन झालं नाही. मी आत गेले आणि ढोलकी खाली ठेवून बसले.

"त्याला येतं. तुमचा ढोलकवाला त्याच्या नरड्यावर बसलाय. ते धृपद फिरून आलं की पहिला ठोका वाजवायचा न्हाई."

"अन् काय करायचं?"

"थांबायचं. टाळीला जागा द्यायची."

"अहो ताई, इथं हाय कोण टाळी द्यायला? भिंती? फितीवर खड्डा पडंल खड्डा. लोक म्हणतील कॅसेट खराब हाय."

"घरी ऐकणारा देईल टाळी."

"कॅसेट ऐकताना कोण टाळी देतं?"

"तुम्ही जागाच ठेवत न्हाईत, तर देणार कुठं?"

मालक हसला. त्यानं ढोलकवाल्याकडं बघितलं, तुझ्या जागेवरून हिला उठव, अशा अर्थानं. ढोलकवाला विडी शोधत होता.

"बसू द्या शेठ," तो म्हणाला. "मला वाजवायचे पैशे मिळतात. थांबायचे मिळत न्हाईत. मला जमायचं न्हाई ते."

मालक अडून बसला. बाईची ढोलकी ऐकून गिऱ्हाईक हसेल, म्हणाला. तेव्हा भावानं पहिल्यांदा मान वर केली. "अक्का वाजवणार न्हाई तर मी बी गाणार न्हाई." उशिरा बोलला. अजूनही त्याला ते सुनावते. पण बोलला.

वाजवलं. सलग आठ गाणी. पेटी-बेंजो त्यांचे, ढोलकी माझी, आणि प्रत्येक धृपदाला पहिला ठोका रिकामा. मी त्या दोघींना हात मांडीखालीच ठेवायला सांगितलं. जागा कोरी हवी होती मला.

महिन्याभरानं भाऊ कॅसेटची खोकी घेऊन आला. वेष्टणावर त्याचं नाव, कोरसच्या दोघींची नावं, आणि खाली छापलेलं, 'ढोलक : स्टुडिओ पार्टी'. मालक म्हणे, ती ओळ सगळ्या कॅसेटवर तशीच असते, ठसा एकदाच केलाय.

"जाऊ दे अक्का," भाऊ म्हणाला. "लोकांला ऐकल्यावर कळंल."

"लोकांला कसं कळंल? मी काय फितीत बोलून राहिले का?"

शेजारच्या पोराकडून बॉलपेन मागून आणलं. एक खोकं उघडलं, एकेक वेष्टण काढलं आणि 'स्टुडिओ पार्टी' खोडून प्रत्येकावर माझं नाव लिहिलं. बापाच्या नावासकट, पूर्ण. जिभेचं टोक दातात धरून लिहिलं, कारण मला जोडाक्षरं तेव्हाही नीट येत नव्हती. भाऊ बघत उभा राहिला.

"अक्षर वाकडं आलंय," तो म्हणाला.

"वाचता येतंय ना?"

"येतंय."

"मग दुसरं खोकं आण."