प्रार्थनेनंतरची भाकर

आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. मराठी माझी शाळेतली भाषा, घरी आम्ही मावची बोलतो. त्यामुळे आपण लेख लिहायला बसावं हे मलाच जरा जास्त वाटतं. वाचणाऱ्यांनी रागावू नये. मी एरवी लिहिलंही नसतं, पण तो आठवडा कुणाला तरी सांगावा असं फार दिवस मनात आहे.

नर्मदेच्या धरणाचं पाणी सातपुड्यात आतपर्यंत शिरलेलं आहे. काठावरच्या बऱ्याच पाड्यांना रस्ता नाही, म्हणून एका धर्मादाय संस्थेची दवाखान्याची बोट तिथे फिरते. वर तपासणी, खाली ऑपरेशनची छोटी खोली, मागच्या बाजूला स्वयंपाक. गेल्या नाताळच्या आधी आमच्या चर्चच्या पाळकांनी मंडळीत विचारलं, तिथे सेवेला कोण जाईल? भात घरात आला होता. वडिलांनी हात वर केला आणि मग आईकडे पाहिलं.

आई म्हणाली, "आता केलाच आहे वर, तर खाली कशाला घेता?"

असे आम्ही नवापूरहून चौघे निघालो. धडगावच्या पुढे जीप, मग बोट. वडील दोर ओढायचे, माणसं उचलून आत आणायचे. आई रांधायची. नववीतली बहीण पेशंटबरोबर आलेल्या लेकरांना सांभाळायची. डॉक्टरांचं मराठी लोकांना आणि लोकांचं पावरी डॉक्टरांना सांगायचं काम माझ्याकडे होतं. पावरी मला अर्धीच कळते, उरलेली मी हातवाऱ्यांनी भागवली.

तिथे एक म्हातारे बाबा पुतण्याबरोबर आले. हर्नियाचा त्रास जुना होता. कंबरेला फडकं घट्ट बांधून ते डोंगर उतरले होते. त्यांच्या पाड्यातला होळीचा मोठा ढोल तेच वाजवायचे. पण तिकडे होळी पहाटे पेटते, तोवर तो गळ्यात अडकवून रात्रभर उभं राहावं लागतं, आणि मागच्या दोन होळ्यांना त्यांना ते जमलं नव्हतं. डॉक्टरांना त्यांनी एवढंच विचारलं, "येत्या होळीला वाजवेन का?"

"आधी ऑपरेशन तर होऊ द्या," डॉक्टर म्हणाले.

हे सर्जन शहरातून थोड्याच दिवसांसाठी आले होते. बाबांचा नंबर त्यांच्या शेवटच्या पूर्ण दिवशी लागला. दुसऱ्या दिवशी दुपारी डॉक्टर परत निघणार होते.

सकाळी नर्सताईंनी आईला सांगितलं, "या बाबांना उपाशी ठेवायचंय हं."

आईने मान हलवली. तिला ते नीट कळलं होतं, पण आमच्या पद्धतीने. आमच्या मंडळीत उपास-प्रार्थना असते. रात्रीपासून काही खायचं नाही, सकाळी जमायचं, गायचं, प्रार्थना करायची. आमेन झालं की उपास सुटतो आणि लगेच पंगत बसते. त्यानंतर कुणाला उपाशी ठेवणं म्हणजे आमच्याकडे लाजेची गोष्ट. त्या सकाळी वडिलांनी सगळ्या पेशंटसाठी प्रार्थना केली. आमेन म्हटल्याबरोबर आईने बाबांच्या हातात तांदळाची भाकर आणि उडदाची डाळ ठेवली. ते तिसरी भाकर मागत होते तेवढ्यात नर्सताई आल्या.

"मावशी! हे काय?"

"उपास सुटला ना," आई म्हणाली. "प्रार्थना झाली."

नर्सताई खालीच बसल्या. डॉक्टरांनी आईला शांतपणे समजावलं, की पोटात अन्न असलं तर ऑपरेशनच्या वेळी ते वर येऊन श्वासात अडकू शकतं. आईच्या हातातला डाव तसाच राहिला. आज ऑपरेशन होणार नव्हतं.

पुतण्या म्हणाला, "चला काका. नशिबातच नाही."

बाबा उठले. काठावर उतरायच्या फळीसमोर आई उभी राहिली.

"दादा, चूक माझी आहे. तुम्ही असेच गेलात तर मी घरी कोणत्या तोंडाने जाऊ?"

"त्याच तोंडाने जा, बाई, चांगलं आहे," बाबा म्हणाले. "पण उद्या पुन्हा उपाशी मी राहणार नाही. भूक लागली की मला राग येतो."

सगळे हसले. आई हसली नाही. "मग आम्हीही राहू. तुम्ही आत जाईपर्यंत उद्या चूल पेटणार नाही."

वडिलांनी माझ्याकडे पाहिलं. आपला चहा गेला, हे त्यांच्या लक्षात आलं होतं. डॉक्टर म्हणाले, "ठीक, सकाळी पहिलं काम यांचंच. पण मावशी, मलासुद्धा चहा नाही?"

"तुमच्यापुरता स्टोव्हवर करते. तुमच्या हातात चाकू असतो."

बाबा राहिले. संध्याकाळी आम्ही नाताळची गाणी म्हणत होतो. वडिलांची ढोलकी थोडा वेळ ऐकून बाबा म्हणाले, "हे काय, छपरावर उंदीर पळतोय?" आणि त्यांनी ती मांडीवर ओढून घेतली. आमचं गाणं होतं बाळ येशूचं, पण ठेका असा पडला की बहीण उठून नाचायलाच लागली. पुतण्या नाचला, नर्सताई नाचल्या. बोट हलायला लागली तेव्हा बोट चालवणारे काका ओरडले, "अरे, एका बाजूला नका जाऊ सगळे!"

सकाळी कुणीच काही खाल्लं नाही. बहिणीने पोट धरून चेहरा पाडला, तर बाबा म्हणाले, "बघा, पोरीलापण राग येतोय." ऑपरेशन चांगलं झालं. आईने तेव्हा कुठे चूल पेटवली.

निघताना डॉक्टरांनी बजावलं, तीन महिने जड काही उचलायचं नाही. बाबांनी बोटं मोजली. होळी त्याआधीच येत होती.

"ढोल गळ्यात घालायचा नाही म्हणजे नाही," डॉक्टर म्हणाले. बाबांनी भिंतीकडे तोंड केलं.

आम्ही घरी आलो. त्यांच्या पाड्यात मोबाईलला रेंज नाही. आई रोज प्रार्थनेत त्यांचं नाव घ्यायची आणि मग आम्हाला म्हणायची, "तो ऐकणारा माणूस नाही. उचलेल बघा." होळी झाली, रंगपंचमीही झाली. आणि एका दुपारी नर्सताईंचा फोन आला. बोट त्या पाड्याला जाऊन आली होती. आईने फोन माझ्या हातातून घेतला.

बाबांनी ढोल उचलला नव्हता. पाड्यातल्या दोन पोरांनी तो बांबूला टांगून खांद्यावर धरला होता. पोरं दमली की दुसरी दोन लागायची. बाबांच्या जागी मात्र कुणी आलं नाही. पहाटे होळी पेटली तेव्हाही तेच वाजवत होते.